मालेगावचा सुपरमॅन : विडंबनाची एक उपेक्षित परंपरा

एम. ए.च्या वर्गाला विडंबन हा वाङ्मयप्रकार शिकवताना दरवर्षी एक अडचण येते. ‘झेंडूची फुले’ हाती घ्यावी, तर आचार्य अत्र्यांनी ज्या रविकिरण मंडळाची टर उडवली ते मंडळच विद्यार्थ्यांना ठाऊक नसते. मूळ कविता आधी शिकवायची, तिचा त्या काळातील दबदबा समजावून द्यायचा आणि मग तिचे विडंबन वाचून दाखवायचे, एवढा प्रवास होईपर्यंत हसू वाटेतच आटून जाते. त्यामुळे एका वर्षी मी मार्ग बदलला. ज्याचे मूळ समोरच्या प्रत्येकाला पाठ आहे असे विडंबन शोधताना ‘सुपरमेन ऑफ मालेगाव’ हा फैझा अहमद खान यांचा २००८ सालचा माहितीपट हाती लागला. मालेगावातील काही हौशी मंडळी ‘मालेगाव का सुपरमॅन’ नावाचा चित्रपट कसा तयार करतात, याची ती तासाभराची हकीकत आहे. वर्गात वाटलेल्या टिपणात मी लिहिले होते : ‘साधनांच्या तुटपुंजेपणामुळे अभावितपणे घडलेले विडंबन.’

हे वाक्य चुकीचे होते. ते कसे चुकले, हे सांगण्यासाठीच हा लेखनप्रपंच आहे.

आमचे महाविद्यालय सोलापुरातले. वर्गात माढा-मोहोळकडून एसटीने येणारी मुले असतात, तशी शहराच्या पूर्व भागातील, घरी तेलुगू आणि दारी मराठी बोलणारी पद्मशाली घरांतील मुलेही असतात. चित्रफीत सुरू झाल्यावर वर्ग अपेक्षेप्रमाणे हसू लागला. निळा पोशाख घातलेला एक काटकुळा तरुण, त्याच्या चड्डीची लोंबणारी नाडी, उडण्याच्या प्रसंगासाठी ताणलेले हिरवे कापड आणि आडवे झोपवलेले सुपरमॅन, या सगळ्याला हशा मिळाला. मीही हसत होते. मागच्या बाकावरचा एक विद्यार्थी मात्र थोडा उशिरा आणि वेगळ्याच ठिकाणी हसत होता. त्याचे वडील अक्कलकोट रस्त्यावरील कारखान्यात यंत्रमाग चालवतात. चर्चेच्या वेळी तो म्हणाला, “मॅडम, ती नाडी राहून गेलेली नाही. ती मुद्दाम सोडलेली आहे. कापडाच्या गावात चड्डी शिवणाऱ्याला नाडी आत घालता येत नाही, असं कसं होईल?”

वर्गाने या वाक्यालाही हसून दाद दिली. मला मात्र घरी गेल्यावर चित्रफीत पुन्हा पाहावी लागली.

नाशिक जिल्ह्यातील मालेगाव आणि आमचे सोलापूर ही दोन्ही मागांची गावे. इथल्या मागावर चादर आणि टॉवेल निघतो, तिथल्या मागावर साधे कोरे कापड. पण दोन्ही गावे स्थलांतरित विणकरांनी वसवली. सोलापुरात तेलंगणातून पद्मशाली आले. मालेगावात १८५७ च्या उठावानंतर उत्तर हिंदुस्थानातून मोमीन विणकरांची कुटुंबे उतरली. हातमाग गेले, यंत्रमाग आले. मोसम नदीच्या एका काठी बहुतांश मुसलमान वस्ती आणि दुसऱ्या काठी बहुतांश हिंदू, अशी शहराची विभागणी झाली. वर्तमानपत्रांनी या गावाची ओळख प्रामुख्याने २००१ ची दंगल आणि २००६ व २००८ चे बॉम्बस्फोट यांच्या संदर्भात करून दिली. तिथला कामगार आठवडाभर मागापुढे उभा असतो आणि शुक्रवारी माग बंद राहतात. नमाज झाली की उरलेला दिवस त्याचा स्वतःचा असतो. त्या उरलेल्या दिवसाचे मालेगावने जे केले, त्याला सिनेमा म्हणतात.

नासिर शेख यांचे तिथे व्हिडिओगृह होते. निरनिराळ्या चित्रपटांतील प्रसंग दोन व्हिडिओ यंत्रांच्या साहाय्याने तोडून जोडण्याची विद्या त्यांनी तिथेच, कुणाच्याही मार्गदर्शनाशिवाय आत्मसात केली. दुसऱ्याच्या चित्रपटांच्या प्रती दाखवण्यावरून पोलिसांचा ससेमिरा मागे लागल्यावर त्यांनी स्वतःच चित्रपट काढायचे ठरवले. २००० साली ‘मालेगाव के शोले’ तयार झाला. खर्च पन्नास हजारांच्या घरात. लग्नात चित्रीकरण करण्याचा कॅमेरा, गावातलेच नट. डाकूंना घोडे परवडत नव्हते, म्हणून ते सायकलवर आले. बसंतीची बासमती झाली. कॅमेरा उंच न्यायला बैलगाडीच्या दांड्या उपयोगी पडल्या आणि तो सरकवायला सायकल. व्हिडिओगृहात हा चित्रपट आठवड्यांमागून आठवडे चालला.

आता डाकूंच्या सायकलींकडे नीट पाहावे. घोडे नाहीत ही अडचण खरी. पण अडचण लपवण्याच्या दहा वाटा असतात : डाकूंना पायी आणता येते, अंधारात आणता येते, नुसत्या टापा ऐकवता येतात. नासिर शेख यांनी डाकूंना भर उन्हात घंटी वाजवणाऱ्या सायकलवर बसवले. दारिद्र्य झाकण्याऐवजी त्याला रंगमंचाच्या मधोमध उभे केले. प्रेक्षकांत बसलेला माणूसही त्याच प्रकारच्या सायकलवरून कारखान्यात जात असतो. गब्बरची भीती ज्या क्षणी त्याच्या ओळखीच्या वाहनावर स्वार होते, त्या क्षणी ती भीती त्याच्या मालकीची होते. इथे हसणारा आणि ज्याला हसायचे तो, यांच्यात अंतर राहत नाही.

भरतमुनींनी हास्यरसाच्या विभावांत विकृत वेषाची गणना केली आहे, आणि हास्याचे आत्मस्थ व परस्थ असे दोन प्रकार मानले आहेत. स्वतः हसतो तो आत्मस्थ, दुसऱ्याला हसवतो तो परस्थ, असा त्याचा सामान्य अर्थ. वर्गात ही परिभाषा शिकवताना ती नेहमीच कोरडी वाटते. लोंबत्या नाडीच्या निमित्ताने तिला थोडा ओलावा आला. विकृत वेष धारण करणाऱ्याला तो विकृत असल्याचे ठाऊक आहे की नाही, यावर सारे अवलंबून असते. ठाऊक नसेल तर प्रेक्षक त्याला हसतो. ठाऊक असेल तर दोघे मिळून तिसऱ्याच कशाला तरी हसतात. मालेगावच्या बाबतीत ते तिसरे काय?

त्याचे उत्तर सुपरमॅनच्या मूळ पोशाखापासून शोधू. १९३८ साली अमेरिकेतील एका चित्रकथा मासिकात सुपरमॅन अवतरला. त्याचे जन्मदाते, जेरी सीगल आणि जो शुस्टर, हे क्लीव्हलंडमधील विशीच्या उंबरठ्यावरचे दोन गरीब ज्यू तरुण होते. सीगलच्या वडिलांचे कपड्यांचे दुकान होते आणि शुस्टरचे वडील शिंपी. या मुलांनी निर्माण केलेला, बंदुकीच्या गोळ्या अडवणारा वीर अंगात घालतो ते सर्कशीतल्या पहिलवानाचे घट्ट कपडे. (चड्डी वरून का घालतो, हा विनोद आपल्याकडे फार चालतो. तालमीत गेलेल्या कोल्हापूरकराला त्यात विनोद दिसू नये.) दोघांनी सुपरमॅनवरचा हक्क एकशे तीस डॉलरला विकला. त्या व्यवहारावर पुढे अब्जावधींचा धंदा उभा राहिला, आणि १९७५ साली बराच गाजावाजा झाल्यावर म्हाताऱ्या झालेल्या या दोघांना वर्षासन आणि श्रेयनामावलीत नाव मिळाले. १९७८ चा जगप्रसिद्ध चित्रपट आला तो त्यानंतर.

सुपरमॅन, म्हणजे, मुळात कापडवाल्यांच्या घरचा मुलगा. तो मालेगावच्या मागावर पोचला यात वाङ्मयीन न्याय आहे. नासिर शेख यांनी कुणाची परवानगी घेतली होती, असा प्रश्न वर्गात आला. घेतली नव्हती. पण मराठी रंगभूमीचा इतिहास शिकवताना आपण आगरकरांचे ‘विकारविलसित’ (१८८३) आणि देवलांचे ‘झुंझारराव’ (१८९०) शेक्सपिअरवरून घेतले असे अभिमानाने सांगतो. हॅम्लेट आणि ऑथेल्लो मराठी घरात कसे रुळले, यावर प्रबंध होतात. शेक्सपिअर हक्क मागायला येणार नव्हता हे खरे. तरीही परक्या वीराला आपल्या अंगणात आणून बसवण्याची खटपट दोन्हीकडे सारखीच आहे, आणि एकीला आपण रूपांतर म्हणतो व दुसरीला नक्कल, यात साहित्यविचारापेक्षा वर्गविचार जास्त आहे.

मालेगावचा सुपरमॅन शफीक शेख यांनी केला. ते यंत्रमाग कामगार. अंगकाठी अशी की वाऱ्याने उडावे, आणि चित्रपटाला हवे होते तेही तेवढेच. मूळ सुपरमॅनला क्रिप्टनचा खडा सोडल्यास कसलीच बाधा होत नाही. याची मात्र सारी शक्ती गावच्या हवेशी, धुळीशी, गटारीशी झुंजण्यात जाते. त्याचा शत्रू परग्रहावरून आलेला नाही. तो तंबाखू आणि घाण यांचा पुरस्कर्ता आहे. माहितीपटात हा चित्रपट घडताना दिसतो : हिरव्या कापडासमोरची उड्डाणे, पाण्यात पडलेला कॅमेरा, ऐन चित्रीकरणात उभे राहिलेले नायकाचे लग्न. गावातील स्त्रिया पडद्यावर येत नाहीत, म्हणून नायिका बाहेरगावाहून आणावी लागते. लेखक फरोग जाफरी आणि खलनायक झालेले अक्रम खान यांच्या बोलण्यात मुंबई सतत डोकावते. तीनशे किलोमीटरवरची मुंबई कधी आशा असते, कधी सल.

हे पाहताना मराठी अभ्यासकाला एक जुनी गोष्ट आठवायला हवी. मला ती उशिरा आठवली. मालेगावच्याच जिल्ह्यात, त्र्यंबकेश्वरी, १८७० साली धुंडिराज गोविंद फाळके जन्मले. ‘राजा हरिश्चंद्र’ १९१३ च्या मे महिन्यात गिरगावात झळकला. तारामतीच्या भूमिकेसाठी बाई मिळेना, म्हणून उपाहारगृहात काम करणाऱ्या अण्णा साळुंके नावाच्या तरुणाला लुगडे नेसवले गेले. नाशिकला बस्तान हलवल्यावर फाळक्यांनी ‘मोहिनी भस्मासुर’मध्ये दुर्गाबाई कामत आणि त्यांची कन्या कमलाबाई यांना पडद्यावर आणले खरे, पण १९१७ च्या ‘लंकादहन’मध्ये पुन्हा साळुंकेच सीता झाले, आणि रामही तेच. संपूर्ण कंपनीचा स्वयंपाक सरस्वतीबाई फाळके करीत, फिल्म धुण्यातही त्यांचा हात असे. आणि ‘लंकादहन’मध्ये काय होते? आकाशातून उडणारा एक महाबली. भारतीय पडद्यावरच्या या आद्य उड्डाणवीराला घरगुती युक्त्यांनी, कात्री-डिंकाच्या हिकमतीने उडवले गेले होते. नव्वद वर्षांनी त्याच जिल्ह्यात दुसऱ्या एका हिकमती गृहस्थाने दुसऱ्या एका महाबलीला उडवले. फाळक्यांच्या खटाटोपावर परेश मोकाशी यांनी ‘हरिश्चंद्राची फॅक्टरी’ (२००९) केला तेव्हा त्याचा सूर विनोदीच ठेवला. तरी त्या हसण्यामागे आदर आहे, हे कुणाला समजावून द्यावे लागले नाही. मालेगावला तो आदर लगेच का मिळत नाही?

एक फरक मान्य करायला हवा. फाळक्यांचा हनुमान श्रद्धेचा विषय होता, नासिर शेख यांचा सुपरमॅन थट्टेचा. पण श्रद्धा आणि थट्टा आपल्याकडे इतक्या लांब राहत नाहीत. तमाशातील गौळण आठवा. गणात गणपतीला हात जोडले जातात आणि पुढच्याच घटकेला कृष्णाची मंडळी गौळणींची वाट अडवून मथुरेच्या बाजाराची जकात मागतात. पेंद्या बोबडे बोलतो, पुरुषाने रंगवलेली मावशी कृष्णाची फिरकी घेते, आणि हे सारे ज्या गावी फड लागला असेल त्या गावच्या बोलीत, तिथल्या पाटलावर, तिथल्या रस्त्यावर शेरे मारीत चालते. कृष्णाचे देवत्व यात कमी होत नाही. तो गावचा होतो, एवढेच. मालेगावचा सुपरमॅन ही माझ्या मते गौळणीच्या कुळातली गोष्ट आहे. थट्टा सुपरमॅनची नाही. सुपरमॅनला इथे आणले तर त्याचे काय होईल, या कल्पनेतून आपल्या गावची थट्टा आहे. नाडी लोंबते ती या गावात अजिंक्यवीरालाही चड्डी सांभाळावी लागते म्हणून. ज्या तिसऱ्या गोष्टीला सारे मिळून हसतात, ती ही.

अत्र्यांच्या विडंबनाशी ताडून पाहिले तर भेद स्पष्ट होतो. ‘झेंडूची फुले’ मूळ कवितेच्या शैलीतील खोटेपणावर बोट ठेवते. तिचा रोख मूळ कृतीकडे आहे. मालेगावच्या विडंबनाला मूळ कृतीत दोष दिसत नाही. तिला मूळ कृती मनापासून आवडते, आणि आवडीपोटीच तिची वाताहत केली जाते. पाठ्यपुस्तकातील व्याख्येत हा प्रकार बसत नाही. आम्ही शिक्षक मंडळी व्याख्या बदलण्याऐवजी उदाहरण वगळतो. बाबूराव अर्नाळकरांचे असेच झाले : हजाराहून अधिक रहस्यकथा, ‘काळा पहाड’ आणि ‘झुंजार’सारखे कायद्याबाहेर राहून न्याय करणारे वीर, पिढ्यान्‌पिढ्यांचे वाचक, आणि वाङ्मयेतिहासात जेमतेम एक परिच्छेद.

हिंदी चित्रपटसृष्टीने सुपरमॅनला याआधीही हात घातला होता, तो वेगळ्या रीतीने. १९६० साली जयराज यांना घेऊन ‘सुपरमॅन’ आणि ‘रिटर्न ऑफ मिस्टर सुपरमॅन’ असे दोन चित्रपट आले. १९८७ साली पुनीत इस्सार सुपरमॅन झाले. त्यात उड्डाणाची काही दृश्ये सरळ परदेशी चित्रपटातून उचललेली होती. हे चित्रपट स्वतःला गंभीरपणे घेतात. खिसा लहान आणि आव मोठा, या विसंगतीतून जे हसू येते ते निर्मात्यांना अभिप्रेत नव्हते. आज महानगरांतील महाविद्यालयीन मंडळी रात्री जमून १९८७ चा सुपरमॅन पाहतात आणि पोट धरून हसतात, त्याला ‘कल्ट’ म्हणण्याची पद्धत आहे. ‘वाईट म्हणून आवडते’ अशी ही आवड आहे. ती निषिद्ध आहे असे मी म्हणणार नाही. मलाही ती चुकलेली नाही. पण ती आवड नेहमी वरून खाली पाहते. मालेगावच्या चित्रपटाला ‘कल्ट’ म्हटले जाते तेव्हा त्याला याच रांगेत नेऊन उभे केले जाते, आणि माझ्या टिपणातला ‘अभावितपणे’ हा शब्द नेमका तिथूनच आला होता.

या कल्टचा इतिहास पाहिला तर आणखी एक गोष्ट ध्यानात येते. वाडिया बंधूंच्या ‘हंटरवाली’ने (१९३५) चाबूक फिरवणारी, बुरखाधारी नाडिया पडद्यावर आणली. स्टंटपट म्हणून प्रतिष्ठितांनी नाके मुरडली. पिटातल्या प्रेक्षकाने तिला डोक्यावर घेतले. पुढे ती विस्मृतीत गेली. १९९३ साली रियाद विंची वाडिया यांनी तिच्यावर माहितीपट काढला, तो देशोदेशीच्या महोत्सवांत फिरला आणि नाडिया अभ्यासाचा विषय झाली. मालेगावचेही तसेच. २००८ चा माहितीपट महोत्सवांत गाजला, २०१२ साली मोठ्या शहरांतील निवडक चित्रपटगृहांत झळकला, आणि २०२५ च्या फेब्रुवारीत रीमा कागती यांचा ‘सुपरबॉईज ऑफ मालेगाव’ आला. वरुण ग्रोव्हर यांचे लेखन, नासिरच्या भूमिकेत आदर्श गौरव. चांगला चित्रपट आहे. पण या सगळ्या प्रवासात मूळ ‘मालेगाव का सुपरमॅन’ किती जणांनी पाहिला? मी भेटलेल्या चाहत्यांपैकी जवळपास प्रत्येकाने पाहिला आहे तो त्याच्यावरचा माहितीपट. कीर्तनकाराची ख्याती सर्वदूर झाली, अभंग मात्र कुणी वाचला नाही, असा हा प्रकार. माहितीपट पाहणाऱ्याला निर्मितीची ओढाताण दिसते, म्हणून तो निर्मात्यांवर प्रेम करतो. मालेगावच्या प्रेक्षकाला ओढाताण दिसत नव्हती, त्याला चित्रपट दिसत होता. ही दोन वेगळी रसग्रहणे आहेत. फैझा अहमद खान यांना दोष द्यावा असे यात काही नाही. त्यांच्या चित्रणात कुठेही तुच्छता नाही आणि त्यांच्यावाचून सोलापूरच्या वर्गापर्यंत हे पोचलेच नसते. पण कौतुकाच्या ओघात मूळ कृती हरवते, हेही खरे.

शफीक शेख आज नाहीत. तंबाखूशी लढणारा सुपरमॅन केलेल्या या कामगाराला कर्करोगाने गाठले. माहितीपट पाहून हसणाऱ्या वर्गाला हे शेवटी सांगावे की आधी, हा प्रश्न मला दरवर्षी पडतो. शेवटी सांगितले की वर्ग गप्प होतो आणि आधीच्या हसण्याबद्दल ओशाळतो. ते मला नको असते. आधी सांगितले तर कुणी हसतच नाही, आणि ते तर शफीक यांच्यावर अन्याय करणारे.

त्या वर्षी मी शेवटी सांगितले. वर्ग गप्प झाला. मग पहिल्या बाकावरची, कुंभारीच्या गोदूताई परुळेकर वसाहतीत राहणारी एक मुलगी उठली. बिडी कामगार स्त्रियांनी झगडून मिळवलेल्या घरांची ती वसाहत. तिची आई आणि आजी बिड्या वळतात. ती म्हणाली, “मॅडम, मला त्या खलनायकाला हसता आलं नाही. माझी फी तंबाखूनंच भरली.” सोलापुरात पुरुष मागावर आणि बाई बिडीच्या सुपावर, अशी हजारो घरे आहेत. मालेगावच्या पटकथेत तंबाखू म्हणजे निखळ खलपुरुष; आमच्या पूर्व भागात तोच अन्नदाता, आणि त्याच्या धुळीने आईचा खोकलाही वाढतो. तिच्या म्हणण्यावर मला उत्तर सुचले नाही. मात्र एक कळले. गौळण ज्या गावात लागते त्या गावचे शेरे मारते असे मी म्हटले, ते पुरते खरे असेल तर सोलापूरला आलेला सुपरमॅन मालेगावच्या सुपरमॅनसारखा असणार नाही. त्याला शत्रू निवडणे अवघड जाईल.

मालेगावच्या या चळवळीचे पुढे काय झाले हेही थोडक्यात नोंदवायला हवे. व्हिडिओगृहे गेली, मग सीडी आल्या आणि गेल्या, हातोहाती मोबाइल आले. खानदेशी बोलीतील विनोदी चित्रफितींना यूट्यूबवर कोट्यवधी प्रेक्षक मिळाले. ‘छोटू दादा’ हे पात्र आमच्या वर्गातील निम्म्या मुलांना सुपरमॅनपेक्षा अधिक ठाऊक आहे. हा त्याच झाडाचा फुटवा आहे असे म्हणता येईल. पण शुक्रवारी एका खोलीत, एकाच भिंतीकडे पाहत, एकाच क्षणी हसणारे कामगार त्यात नाहीत. प्रत्येक जण आपापल्या हातातल्या काचेकडे पाहून हसतो. सामूहिक हास्याची जागा गेली याचे मला वाईट वाटते, आणि असे वाईट वाटून घेणे हा प्राध्यापकी विसावा आहे, हेही कळते. बारा तास मागापुढे उभे राहणाऱ्याला भिंतीकडे पाहून हसण्यापेक्षा पडल्या पडल्या हसणे सोयीचे वाटले, तर त्याला बोल कोण लावणार?

अंतर्गत मूल्यमापनासाठी मागच्या बाकावरच्या त्या विद्यार्थ्याने याच विषयावर निबंध लिहिला. मूळ चित्रपट मिळत नाही म्हणून त्याने माहितीपटातील चित्रपटाचे तेवढे तुकडे वेगळे काढून, क्रम लावून, त्यांवरच लिहिले. वडिलांनाही दाखवले. वडिलांनी सुपरमॅनच्या उड्डाणाकडे फारसे लक्ष दिले नाही. पार्श्वभूमीला मागांचा आवाज येतो तिथे त्यांनी चित्रफीत थांबवायला लावली आणि म्हणाले, “हे साधे माग आहेत, आपल्यासारखे जॅकार्ड नाहीत. आणि यातला एक नीट चालत नाहीये, धोटा अडकतोय.” निबंधात हे वाक्य तळटीप म्हणून आले होते. मी ते वर, मूळ मजकुरात घ्यायला सांगितले, आणि माझ्या टिपणातला ‘अभावितपणे’ खोडला.